फूटबोर्डावरचा बर्फ

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे मिनेसोटात होते. जानेवारीत तिथे घराबाहेर पडायचं म्हणजे चिलखत चढवण्यासारखंच. त्यामुळे माझं जग म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी आणि तिच्यातून दिसणारं शेजाऱ्यांचं गॅरेज. एका शनिवारी बघते तर शेजारच्या गृहस्थांनी आपल्या चांगल्या चालत्या स्नोमोबीलच्या पत्र्याला ड्रिलने भोकं पाडायला घेतलेली! आणि आमचे नातू (वय वर्षे चौदा) बाजूला टॉर्च धरून उभे.

म्हटलं, चांगल्या गाडीची चाळण का करतोय हा माणूस?

नातवाने समजावलं ते असं. स्नोमोबीलला पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा, आणि बसायचं मोटरसायकलवर बसतो तसं. पाय ठेवायला दोन्ही बाजूंना पत्र्याच्या लांब फळ्या. त्यांना रनिंग बोर्ड म्हणतात. आपल्या स्कूटरचा फूटबोर्डच म्हणा ना. पट्ट्याने उडवलेला आणि बुटांना चिकटून आलेला बर्फ तिथे साठतो. इंजिनाच्या आणि त्याचं गरम पाणी निववणाऱ्या नळ्यांच्या उबेने तो थोडा वितळतो, फळीवर ओघळतो आणि तिथेच गोठतो. वर पुन्हा बर्फ, त्यावर पुन्हा बूट... थोड्या वेळाने नुसता दगड. गाडी जड होते हे तर झालंच, पण खरी भीती पाय घसरण्याची. खाचखळग्यांतून जाताना माणूस या फळ्यांवर उभा राहून तोल सांभाळतो. पाय सुटला की संपलं.

तेलाचा फवारा मारून बघतात लोक, पण तो फार टिकत नाही. म्हणून ही भोकं. पाय दाबला की बर्फ खाली गळून जातो. भोकांच्या कडा खालून ठोकून वर उचलायच्या, म्हणजे आल्याच्या किसणीसारखी धार येते आणि बूट धरून ठेवते. यातही शास्त्र आहे बरं का! भोक गोलच हवं; चौकोनी पाडलं तर कोपऱ्यातून पत्रा तडकतो. आणि बाहेरच्या कडेला हात लावायचा नाही, फळीचं बळ तिथे असतं. हावरटपणाने फार भोकं पाडली तर एखाद्या उडीत फळीच वाकते.

"पण हे कंपनीने का नाही केलं?" मी विचारलं. तर म्हणे, पुढे केलं. लोकांनी घरोघरी भोकं पाडली आणि नंतर कंपन्याही मोठ्या जाळीच्या फळ्या लावून गाड्या विकू लागल्या. शेजाऱ्यांची गाडी त्याआधीची.

मी इतिहासाची शिक्षिका. एवढ्यावर थांबणं शक्य नव्हतं. लेकीच्या संगणकावर दोन दिवस वाचत बसले आणि कळलं की ही गाडी मुळात गॅरेजातच जन्मली आहे. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावचा कार्ल इलायसन पायाने अधू होता, मित्रांबरोबर बर्फातून चालणं त्याला जमेना. त्याने 1924 साली बोटीचं छोटं इंजिन, सायकलीचे भाग, फोर्ड मोटारीचे तुकडे असं जमवून लाकडी घसरगाडीला पट्टा बसवला. 1927 मध्ये पेटंटही मिळवलं. मिनेसोटातल्याच रोझो गावी शेतीची अवजारं करणाऱ्या एका दुकानात डेव्हिड जॉन्सनने 1955-56 च्या हिवाळ्यात गाडी केली, तिचा पट्टा धान्य वर चढवायच्या यंत्राचा आणि स्की जुन्या शेवरोले मोटारीच्या बंपरच्या! त्याचा भागीदार एडगर हेटीन गावाला गेला होता, परतल्यावर तो मुळीच खूश झाला नाही. त्याच दुकानाची पुढे पोलॅरिस कंपनी झाली.

पण मला घट्ट धरून बसला तो कॅनडातल्या व्हॅलकूर गावचा जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए. 1922 च्या डिसेंबरात, पंधराव्या वर्षी, त्याने जुन्या फोर्डच्या इंजिनाला विमानासारखा पंखा लावून बर्फावर चालणारी गाडी केली आणि भावाला घेऊन गावातून फिरवली. वडिलांनी तो उघडा गरगरता पंखा पाहिला आणि तिथल्या तिथे सगळं मोडायला लावलं.

इथे वाचताना मी थांबले. सातवीच्या वर्गात एका मुलाने कंपासपेटीत खेळण्यातली मोटर आणि ब्लेडचं पातं बसवून पंखा केला होता. मी तो जप्त करून कपाटात टाकला. ब्लेड होतं, चूक माझी नव्हती. पण वर्ष संपलं तरी परत दिला नाही, आणि त्याने मागितलाही नाही. पुढे तो वर्गात काही दाखवायला आणेनासा झाला. असो.

बॉम्बार्डिएने मात्र सोडलं नाही. 1934 च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला, इव्हॉनला, अपेंडिक्सने गाठलं. रस्ते बर्फाने बंद, दवाखाना दूर, आणि बापाची गाडी अजून पुरी व्हायची होती. मूल गेलं. नंतर त्याने रबर चढवलेलं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा सिद्ध केला. पेटंट 1937 चं. त्या सात माणसांच्या आणि पुढे बारा माणसांच्या गाड्यांतून डॉक्टर, टपाल, रुग्ण जाऊ लागले, शाळेतली मुलंसुद्धा. 1959 मध्ये त्याने एकट्यादुकट्याला नेणारी हलकी स्की-डू काढली. 1964 साली तो वारला, वय अवघं 56.

हे सगळं मी जेवताना लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, म्हणून त्याला ड्रिल देऊ का मी?" ड्रिल नाही मिळालं, पण हातमोजे आणि चष्मा घालून कडा ठोकायची परवानगी मिळाली. दुसऱ्या रविवारी दिवसभर टकटक ऐकत होते.

पुढच्या आठवड्यात शेजारी फिरून आले आणि गाडी आमच्या दारातच उभी केली. मी स्वेटरवर शाल घेऊन बघायला गेले. फळ्या स्वच्छ, फक्त बाहेरच्या कडेला बोटभर बर्फ. नातू लगेच वाकून म्हणाला, इथे अजून दोन भोकं बसतील की! शेजाऱ्यांनी मान हलवली आणि त्या कडेवर बूट आपटून तो बर्फ झाडला.