पाणी वर चढवतो कोण?

उतारावरून पाणी आणण्याची विद्या आपल्या पुणे शहराला जुनीच अवगत आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत आले. कोंडलेली हवा निघून जावी म्हणून नळावर उच्छ्वास ठेवले होते. बाकी सारे काम उताराचे. परंतु २० मीटर उंचीच्या नारळाच्या शेंड्यालाही पाणी पोचते, आणि तेथे तर सरळ चढ आहे. हे पाणी चढवतो कोण, या प्रश्नाचा इतिहास आम्ही आपणापुढे ठेवीत आहोत.

१६७० नंतरच्या दशकात इटलीत माल्पीगी व इंग्लंडात ग्रू यांनी सूक्ष्मदर्शकाखाली झाडांतील जलवाहिन्या पाहिल्या. एकावर एक रचलेल्या पेशींपासून ही नळी बनते. पेशी जिवंत असताना आपल्या भिंती लिग्निनने पक्क्या करते आणि मग मरते. आतले जीवद्रव्य जाते, मधले पडदे विरतात, पोकळ नळी उरते. सागाच्या ओंडक्याच्या आडव्या कापावर ही छिद्रे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात.

मेलेली नळी पाणी कसे चढवील? शेजारच्या जिवंत पेशीच ते ढकलीत असतील, असे पुष्कळांना वाटे. जर्मन शास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी तोडलेल्या उंच ओक वृक्षाचे बूड पिक्रिक आम्लात ठेवले व हे प्रयोग १८९१ साली प्रसिद्ध केले. आम्ल चढले, वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या. तरी मागाहून दिलेले रंगीत पाणी वर गेलेच! १८९४ साली डब्लिनच्या डिक्सन व जोली यांनी उलगडा केला. पानांतून वाफ जाते, त्यामुळे वरून ओढ बसते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून धागा तुटत नाही. कात्रजच्या नळाहून येथला न्याय उलटा. हवेचा बुडबुडा शिरला की धागा तुटलाच. म्हणून वाहिन्यांच्या भिंतींत खाचा असतात. त्यांतील सूक्ष्म पडदा पाण्याला वाट देतो आणि बुडबुड्याला बहुधा अडवतो.

१९२३ साली जगदीशचंद्र बोस यांनी ग्रंथ लिहून निराळे मत मांडले. जिवंत पेशींच्या स्पंदनाने पाणी चढते, असे त्यांचे म्हणणे. पारतंत्र्यातील देशाचा हा थोर संशोधक. त्यांची बाजू खरी ठरावी असे कोणा भारतीयाला वाटणार नाही? परंतु आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. मागणी कितीही न्याय्य असो, हजेरीपट आणि पगाराचा हिशेब पुढे मांडल्यावाचून ती टिकत नाही, हा तेथला धडा. शास्त्राचा दरबारही तसाच आहे. १९६५ साली शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबपात्रात फांदी बसवून पाण्यावरची ओढ मोजली, आणि डिक्सन-जोलींचे म्हणणे बळकट झाले. बिनतारी लहरींवरील बोसांचे कार्य यामुळे तसूभरही उणे होत नाही. पण थोरवी हा पुरावा नव्हे, एवढे आपण मानले पाहिजे.

आमच्याही शब्दावर कोणी विसंबू नये. मंडईतून निशिगंधाची एक दांडी आणावी आणि लाल शाईच्या पाण्यात ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती आडवी कापावी. दिसतील ते लाल ठिपके म्हणजेच जलवाहिन्या. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही हा पुरावा वाचता येतो.