शिकाऊ डॉक्टर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस

"शिकाऊ डॉक्टर नको, मोठ्या डॉक्टरांनाच बोलवा!" सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात हे वाक्य रोज ऐकू येतं. कदाचित तुम्हीही कधी म्हणाला असाल. आपलं माणूस खाटेवर असताना अशी भीती वाटणारच. पण मोठा डॉक्टर मुळात घडतो कसा? उत्तर आपल्या सोलापुरातच आहे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात घेतलं. १९२६ साली के.ई.एम. रुग्णालयासोबत सुरू झालेल्या या कॉलेजला देणगी देणाऱ्यांची एक अट होती: शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. आपली माणसंही उत्तम डॉक्टर घडवू शकतात, हे त्यांना दाखवायचं होतं.

डॉक्टरकीचं शिक्षण निम्मं पुस्तकात आणि निम्मं रुग्णाच्या खाटेशी होतं. आधी पाहायचं, मग वरिष्ठांच्या हाताखाली करायचं, मग स्वतः करायचं आणि शेवटी दुसऱ्याला शिकवायचं. कोटणीसांच्या आयुष्यात या चारही पायऱ्या दिसतात.

१९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. कोटणीस तेव्हा पुढच्या परीक्षेची तयारी करत होते, वय अवघं २७. आजच्या भाषेत 'शिकाऊ'च म्हणा ना! तिथे ना सुसज्ज ऑपरेशन थिएटर, ना पुरेशी औषधं. १९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. अशा वेळी पुस्तक उघडायला सवड नसते, हाताला लागलेली सवयच कामी येते.

त्याच आघाडीवर काम करणारे कॅनडाचे सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोट कापून जंतुसंसर्गाने नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. पेनिसिलिन तेव्हा अजून वापरात आलं नव्हतं. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये प्रमुख झाले. तिथल्या वैद्यकीय शाळेत ते शिकवू लागले, तेही चिनी भाषा शिकून. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहीत असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचं निधन झालं. वय फक्त ३२. मुंबईच्या वॉर्डात मिळालेलं शिक्षण ते चीनमधल्या मुलांच्या हाती देऊन गेले.

सोलापुरात १९६३ पासून डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या वॉर्डात भेटणारे तरुण डॉक्टर याच पायऱ्या चढत असतात.

मग रुग्ण म्हणून तुम्ही काय करावं?

• आजाराची हकिकत, चालू औषधं, ॲलर्जी त्यांना न लपवता सांगा. हीच माहिती वरिष्ठांपर्यंत जाते.
• "तुमचे वरिष्ठ कोण? ते कधी बघतील?" असं खुशाल विचारा. हा तुमचा हक्क आहे.
• शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर समजून घेतल्याशिवाय सही करू नका.
• विद्यार्थ्यांनी तपासणं नको असेल, तर नम्रपणे तसं सांगा. उपचार थांबत नाहीत.

आणि शक्य असेल, तर त्यांना तपासू द्या. तुमच्या खाटेशी आज शिकलेला हात उद्या कोणाचा तरी जीव वाचवणार आहे.