माणेगावच्या दगडाची हरवलेली वाट

पाचोरा आणि माणेगाव ही आज जळगाव जिल्ह्यातली गावे. १८४३ साली दोन्ही खानदेशातच मोडत. त्या वर्षी २९ जूनला, आषाढ लागताच, एदलाबाद म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळच्या माणेगावात भरदुपारी कडाडत एक दगड पडला. १८७० मध्ये लंडनच्या खनिजतज्ज्ञ मॅस्केलिनने त्यातल्या खनिजांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. आज तो डायोजेनाइट या दुर्मिळ जातीत मोडतो, बहुधा वेस्टा या लघुग्रहाचा तुकडा. दगडाचे कुळ असे सापडले, वाट मात्र कायमची हरवली. यात गावकऱ्यांचा दोष नाही. वाट काढायला एकमेकांपासून दूरच्या दोन जागांहून एकाच क्षणाची नोंद लागते, आणि पावसाळ्याच्या दिवसांत ती नुसत्या डोळ्यांना कुठून मिळणार?

ढग आणि उजेड यांची आडकाठी नसलेला साक्षीदार पुढे रेडिओच्या रूपाने मिळाला, आणि त्यात भारतीयांचा वाटा आपण उगाच विसरतो. १९३३ च्या सिंह उल्कावर्षावाचा आयनांबरावर होणारा परिणाम कलकत्त्यात शिशिरकुमार मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजला. १९४१ मध्ये आकाशवाणीच्या चमनलाल आणि वेंकटरामन यांनी लघुलहरींवर ऐकू येणाऱ्या, स्वर उतरत जाणाऱ्या शिट्ट्यांचा उलगडा केला: थेट आलेली लहर आणि धावत्या उल्केवरून परतलेली लहर एकमेकींत मिसळली की शिट्टी उमटते. म्हणजे त्या आवाजात वेग दडलेला असतो. इंग्लंडमधल्या जोड्रेल बँक वेधशाळेने रडारवर दिवसाचे उल्कावर्षाव शोधले ते यानंतर, १९४७ साली.

यावर रास्त आक्षेप असा, की एका गावातला एक रेडिओ फार तर उल्का मोजेल, मार्ग सांगणार नाही. खरेच आहे; हौशी मंडळी अनेकदा मोजणीवरच थांबतात. पण बेल्जियममध्ये एकाच प्रक्षेपकाचे उल्केवरून परतणारे पडसाद अनेक ठिकाणच्या अँटेना टिपतात, त्यांतल्या बऱ्याच हौशींच्या आहेत, आणि पडसादांच्या वेळांतल्या फरकावरून मार्ग निघतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: पडसाद साधारण ऐंशी ते एकशेदहा किलोमीटर उंचीवरचे, त्याखाली विझून पडणारा दगड रेडिओला दिसतच नाही. म्हणून दगड हुडकायला शेत तुडवणारी माणसे लागणारच. रेडिओकडून मागायची ती वरची वाट, आणि त्यासाठी खानदेशातल्याच पाचोरा नि धुळे यांच्यातले अंतरही उपयोगी आहे. फक्त दोन्हीकडची घड्याळे काटेकोर जुळलेली हवीत, कारण तिथल्या पडसादांतला फरक सेकंदाच्याही आतला असतो.