ताकाचे भांडे

दिवाळीच्या दिवसांत, वाचकांच्या एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात चकली असताना, पोटाच्या जुनाट दुखण्याचा इतिहास सांगायला बसणे हे काहीसे अरसिकपणाचे आहे, हे मला मान्य आहे. पण फराळाच्या ताटाइतकाच हा विषयही घरोघरचा आहे. आपल्या वैद्यकाने या दुखण्याचा विचार दोन हजार वर्षे केला. त्या विचारातले काय आपण ठेवले आणि काय टाकले, याचा हिशेब दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी मांडायला हरकत नसावी.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पंधरावा अध्याय ग्रहणीचा आहे. आपली म्हातारी माणसे जिला ‘संग्रहणी’ म्हणत आली, तिचे हे मूळ घर. ग्रहणी हे आधी रोगाचे नव्हे, तर शरीरातल्या जागेचे नाव. नाभीच्या वर असलेले, कच्चे अन्न धरून ठेवणारे आणि पचल्यावर पुढे सोडणारे असे हे स्थान. धरते म्हणून ती ग्रहणी. तिथेच जठराग्नीची वस्ती. अग्नी चार प्रकारचा : सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. तो बिघडला की ग्रहणीचा धरबंद सुटतो. कधी कच्चे, कधी पक्के, कधी बांधून, कधी पातळ असे अन्न खाली उतरते. आजच्या वैद्यकातल्या अनेक निरनिराळ्या आजारांना सामावून घेईल असे हे मोठे छत्र आहे, हे इथेच सांगून ठेवतो. म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही.

सुश्रुताचे एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. अतिसार थांबला म्हणजे दुखणे संपले असे तो मानत नाही. हागवण थांबली, पण अग्नी अजून मंद आहे. अशा वेळी माणूस नको ते खाऊ लागला की ग्रहणी बिघडते, असे तो सांगतो. आतड्याच्या संसर्गानंतर काहींच्या पोटाची तक्रार महिनोन्‌महिने रेंगाळते, असे आजचे डॉक्टरही सांगतात. सूक्ष्मदर्शक नसताना केवळ रोग्याकडे नीट बघून ही गोष्ट टिपली गेली, यात त्या शास्त्राची थोरवी आहे.

आता उपाय. त्यात औषधे पुष्कळ आहेत. पण ग्रहणीत श्रेष्ठ म्हणून चरक ज्याचे नाव घेतो ते कोणतेही रसायन नव्हे, ते ताक आहे. ते हलके आहे, अग्नी चेतवते आणि मळ बांधते, ही त्याची कारणे. पण ‘ताक प्या’ एवढे सांगून तो रोग्याची बोळवण करीत नाही. मूळव्याधीच्या अध्यायात ताकाचा जो विधी आहे, तो वाचण्यासारखा आहे. रोग्याचा अग्नी किती, हे पाहून लोणी पुरते काढलेले, अर्धे काढलेले किंवा मुळीच न काढलेले ताक द्यावे. सात दिवस, दहा दिवस, पंधरवडा किंवा महिना असा काळ ठरवावा. अग्नी फारच मंद असेल तर नुसते ताक. मग ताकातली पेज, मग ताकभात. आणि ताक ज्या क्रमाने वाढवले त्याच क्रमाने उतरवावे, एकदम तोडू नये. सुश्रुत सांगतो की वातात आंबट ताक सैंधव घालून, पित्तात गोड ताक साखर घालून आणि कफात सुंठ-मिरी-पिंपळी व क्षार घालून द्यावे. जखम असलेल्याला, अशक्ताला, दाह किंवा भोवळ असलेल्याला आणि उन्हाळ्यात ताक देऊ नये, असेही तोच बजावतो. म्हणजे ताक हे निमित्त. खरे औषध म्हणजे रोज रोग्याकडे पाहणे.

हा विचार महाराष्ट्राच्या अंगणात केव्हा रुजला त्याची तारीख देता येणार नाही. पण एक ठळक खूण आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामदेवराव यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्री पंडिताने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. राज्याचा कारभार पाहणारा माणूस वात-पित्त-कफाच्या श्लोकांवर टीका लिहितो, यावरून या विद्येचा त्या काळचा मान कळतो. पुढे रोगांची नावे पंडितांच्या पोथीतून लोकांच्या बोलीत उतरली. आमच्या महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला असे परंपरा सांगते. त्या ग्रंथातल्या तिसऱ्या दशकात, आध्यात्मिक तापाच्या समासात, देहाच्या दुखण्यांची जी लांबलचक यादी आहे, ती वाचताना एखाद्या खेड्यातल्या वैद्याच्या ओटीवर बसल्यासारखे वाटते.

तुडीलसारख्या आमच्या गावांत या शास्त्राला पोथीची गरज नव्हती. रानात कुडा होता. त्याच्या फुलांची नि कोवळ्या शेंगांची भाजी व्हायची आणि पोट बिघडले की त्याचीच साल उगाळली जायची. हाच ग्रंथांतला कुटज. बेलाचे कच्चे फळ, डाळिंबाची साल, सुंठ, ओवा ही सगळी मंडळी घरातली नाहीतर परड्यातली. आजाऱ्याला तांदळाची पेज, आणि ज्याच्या गोठ्यात दुभते त्याच्याकडून ताक. दूध विकत, तूप विकत. पण ताकाला पैसे घ्यायचे नाहीत असा जुन्या गावांचा रिवाज होता. म्हणून तर ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण जन्मली. फुकट मिळणाऱ्या वस्तूचाही माणसाला संकोच वाटतो, ही त्यातली गंमत.

पुढे गावे रिकामी होऊ लागली. खाडीपट्ट्यातला तरुण मुंबईला चाकरीला गेला. खानावळीचे जेवण, पाळीची रात्र, जागरणावर चहा. अशा माणसाला महिनाभर ताकाचा चढउतार कोण करून देणार? त्याला हवी होती खिशात मावणारी पुडी. ही गरज भागवणारी व्यवस्था आपल्याच जिल्ह्यात उभी राहिली होती. १८७२ साली पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी श्री धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला. १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांनी नाशिकला वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरवले. १९१७ साली गंगाधरशास्त्री गुणे यांनी अहमदनगरला आयुर्वेदाचे महाविद्यालय सुरू केले. १९३८ च्या मुंबई कायद्याने वैद्यांची नोंदणी आली आणि १९६४ साली आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीलाही औषधांच्या कायद्यात जागा मिळाली. या माणसांनी हे कष्ट घेतले नसते तर परकी अमदानीत ही विद्या आजीबाईच्या बटव्यापुरतीच उरली असती. त्यांचे ऋण मोठे आहे.

पण बाटलीत औषध मावते, पथ्य मावत नाही. हिंग्वाष्टकाचेच बघा. हिंग, सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे आणि शहाजिरे ही त्यातली आठ द्रव्ये. ते जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर, तुपात कालवून घ्यायचे. म्हणजे ते घेण्यासाठी आधी वेळेवर पानावर बसले पाहिजे! आपण चूर्ण ठेवले आणि पान टाकले. रात्री अकराला वडापाव खाऊन वर चमचाभर चूर्ण, हा आपला आयुर्वेद. पी हळद नि हो गोरी.

यात नुसती गंमत नाही. आमच्या भावकीतले एक काका मुंबईला नोकरीला होते. गणपतीला गावी येत, तेव्हा ट्रंकेत मुलांसाठी खाऊ आणि स्वतःसाठी दोन-तीन चूर्णांच्या बाटल्या असत. पोट कधी साफ नाही, वजन उतरत चाललेले, शौचातून रक्त. ‘मूळव्याध आहे, उष्णता आहे,’ म्हणत त्यांनी पाच वर्षे काढली. कुणी नवा माणूस भेटला की नवे चूर्ण सांगे. पोटाला हात लावून कुणी पाहिले नाही. शेवटी तपासणी झाली तेव्हा आतड्यातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. पुढचा गणपती त्यांनी पाहिला नाही. त्या बाटल्यांतली औषधे खोटी नव्हती. फक्त त्यांच्यामागे वैद्य नव्हता. चरकाने साध्य कोणते, असाध्य कोणते हे ओळखण्यावर किती जोर दिला आहे! पहिल्या वर्षीच त्या शिस्तीच्या वैद्याने त्यांना पाहिले असते, तर त्यानेच त्यांना शस्त्रवैद्याकडे धाडले असते.

म्हणून या इतिहासाचा अभिमान धरताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कुड्याच्या सालीवर कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात संशोधन केले. तिच्यातले कोनेसीन हे द्रव्य अमीबावर चालते असे आढळले, आणि त्याचे मज्जासंस्थेवर वाईट परिणाम होतात असेही आढळले. ग्रहणीवरच्या पर्पट्या तर पारा नि गंधकाच्या. तूप लावलेल्या लोखंडी पळीत कज्जली वितळवून शेणावर पसरलेल्या केळीच्या पानावर ओतायची, वरून दुसऱ्या पानाने दाबायची, की पापडीसारखी पर्पटी तयार. कृती देखणी, पण ती चीज जाणत्या वैद्याच्या हातातली, शेजाऱ्याच्या सल्ल्यावर घ्यायची नव्हे. आणि जोराच्या जुलाबात जीव वाचवते ते मीठ-साखरेचे मोजून केलेले पाणी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी ते हजारो रोग्यांना पाजून दाखवले. तेही एका अर्थी पेजेच्या कुळातलेच, फक्त मोजमापाने शहाणे झालेले.

ताक आजही उपयोगी आहे. दूध ज्यांना सोसत नाही अशा पुष्कळांना ते सोसते, कारण विरजणात दुधातली साखर कमी होते. बेताचे जेवण, वेळेवर जेवण, पहिले पचल्यावर दुसरे, हा ग्रंथांचा सल्ला जुना झालेला नाही. मात्र रक्त पडत असेल, वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठून जावे लागत असेल, तर ताकाच्या वाटीआधी तपासणी.

आणि वैद्याकडे जा, डॉक्टरकडे जा. पण गेल्यावर त्याने विचारले तर खरे सांगा. काय खाता, केव्हा खाता, किती दिवस झाले, कुठली पुडी कुणी दिली, हे आपण लाजून दडवतो. गावात ताक मागायला जाणाऱ्याने भांडे लपवले तर फार तर ताक मिळत नसे. इथे त्याहून मोठे नुकसान होते.