ॲडॅप्टिव्ह की साधं सस्पेन्शन? कोल्हापूरच्या रस्त्यांवर परफॉर्मन्स कार घेताना काय बघाल

गाडी ठरली, रंग ठरला. आता अडलंय ते सस्पेन्शनवर. एका व्हेरियंटमध्ये साधं स्पोर्ट सस्पेन्शन आहे, दुसऱ्यात बटण दाबलं की कडक किंवा मऊ होणारं ॲडॅप्टिव्ह. शोरूममधला माणूस म्हणतो, "साहेब, हेच घ्या." ओळखीचा मिस्त्री म्हणतो, "वॉरंटी संपली की खर्चात पडाल." दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणून आधी हे सस्पेन्शन काम कसं करतं ते समजून घेऊ, मग ठरवू.

स्प्रिंग आणि शॉकअप, दोघांची कामं वेगळी

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्याचा धक्काही आधी तीच झेलते. पण दबलेली स्प्रिंग परत उसळते आणि एकटी असेल तर गाडी बराच वेळ वरखाली डुलत राहील. ते डुलणं थांबवतो शॉकअप, म्हणजेच डॅम्पर. त्याच्या आत तेल असतं. पिस्टन हलला की तेल बारीक भोकांतून आणि व्हॉल्व्हमधून जातं, अडतं, आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते.

ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शनमध्ये बहुतेक वेळा फक्त हा दुसरा भाग बदलतो. स्प्रिंग तीच राहते. एअर सस्पेन्शन असेल तर गोष्ट वेगळी.

कडक म्हणजे वेगवान, हे किती खरं?

कोल्हापूरला रेसिंगचा नाद जुना आहे. मोहिते रेसिंग ॲकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. त्या गो-कार्टला स्प्रिंगही नसते आणि शॉकअपही नसतो. चासीचे पाइप थोडेसे वाकतात, तेच तिचं सस्पेन्शन. ट्रॅक गुळगुळीत असतो म्हणून हे चालतं.

तीच कार्ट ऊस वाहतुकीने उखडलेल्या रस्त्यावर आणली तर पाठ तर जाईलच, पण चाकंही सतत उडत राहतील. उडालेल्या चाकाला ग्रिप नसते. ते गाडीला ओढत नाही, वळवत नाही आणि थांबवतही नाही. म्हणजे खराब रस्त्यावर गरजेपेक्षा कडक गाडी हळू होते आणि धोकादायकही. परफॉर्मन्स कारच्या सस्पेन्शनचं पहिलं काम टायर रस्त्याला चिकटवून ठेवणं हे आहे.

साध्या शॉकअपची अडचण

पुणे-बेंगळुरू महामार्गावर ताशी ८० किमीने जाताना सेकंदाला साधारण २२ मीटर अंतर कापलं जातं. रस्त्यात १५ मीटर लांबीच्या लाटा असतील तर गाडी सेकंदाला दीड वेळा वरखाली होते. गाडीच्या बॉडीची स्वतःची डुलण्याची गती याच्याच आसपास असते. अशा वेळी शॉकअप कडक हवा, नाहीतर गाडी होडीसारखी डुलते.

आता गावातला रस्ता घ्या. वेग ६० आणि दर मीटरला एक ठिगळ. चाकाला सेकंदाला जवळपास १७ धक्के बसतात. इथे शॉकअप मऊ हवा, म्हणजे चाक खालीवर होईल आणि बॉडी स्थिर राहील.

साध्या शॉकअपला या दोन्हींत एक तडजोड करावी लागते आणि ती कारखान्यातच ठरलेली असते. पण त्याला कमी समजू नका. पिस्टनच्या वेगानुसार कमी-जास्त उघडणारे व्हॉल्व्ह त्यातही असतात. चांगल्या कंपनीने नीट ट्यून केलेला साधा सेटअप वाईट ट्यून केलेल्या ॲडॅप्टिव्हपेक्षा सरस ठरू शकतो.

ॲडॅप्टिव्ह काय करतं?

यात मुख्य दोन प्रकार आहेत.

पहिला, इलेक्ट्रिक व्हॉल्व्हचा. सेन्सर चाकाची आणि बॉडीची हालचाल मोजतात, कॉम्प्युटर हिशेब करतो आणि व्हॉल्व्ह तेलाची वाट रुंद किंवा अरुंद करतो.

दुसरा, चुंबकीय तेलाचा. तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात. वीज सोडली की कण रांगेत उभे राहतात आणि तेलाचा विरोध वाढतो. २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिलमध्ये हे तंत्र आलं, पुढे ऑडी आणि फेरारीनेही वापरलं.

दोन्हींत बदल काही मिलिसेकंदांत होतो. १० मिलिसेकंद धरले तर ताशी ८० च्या वेगात गाडी तेवढ्यात फक्त २२ सेंटीमीटर पुढे जाते. म्हणजे एकाच खड्ड्याच्या आत शॉकअपचा कडकपणा बदलू शकतो. यामागचा 'स्कायहुक'चा हिशेब, म्हणजे बॉडी जणू आकाशाला टांगल्यासारखी स्थिर ठेवायची, ही कल्पना १९७४ ची आहे.

एक गल्लत टाळा. १९९२ मध्ये नायजेल मॅन्सेलने ज्या विल्यम्स एफडब्ल्यू१४बी गाडीवर फॉर्म्युला वनचं विजेतेपद जिंकलं, तिचं सस्पेन्शन ॲक्टिव्ह होतं. ते स्वतः जोर लावून गाडी उचलायचं आणि दाबायचं. १९९४ पासून फॉर्म्युला वनमध्ये त्यावर बंदी आली. रस्त्यावरच्या गाड्यांतलं ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन फक्त विरोध कमी-जास्त करतं.

मधला मार्गही आहे

२०२१ मध्ये आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये फ्रिक्वेन्सीनुसार बदलणारे शॉकअप आहेत. त्यांत वायर नाही, सेन्सर नाही. झटपट बारीक धक्के आले की आतला व्हॉल्व्ह तेलाला जादा वाट देतो, संथ मोठ्या हालचालीत तो बंद राहतो. खर्च आणि कटकट कमी, आणि फायदा रोजच्या वापरात जाणवणारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या बीई ६ च्या वरच्या व्हेरियंटमध्ये महिंद्राने ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शनही दिलं. या दोन्ही गाड्या चाकणच्या. म्हणजे हे तंत्र आता फक्त परदेशी गाड्यांपुरतं राहिलेलं नाही.

ॲडॅप्टिव्हने काय सुटत नाही?

१. गाडी खालून घासणं. शॉकअप मऊ केला म्हणून गाडीची उंची वाढत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. प्रत्यक्षात गल्लीबोळांत काय असतं ते तुम्ही रोज बघता. त्याला उपाय ग्राउंड क्लिअरन्सच.

२. रिम वाकणं. २२५/४० आर१८ टायरची भिंत ९० मिमी असते, २३५/३५ आर१९ ची जेमतेम ८२ मिमी. तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात रिम वाचवते ती ही भिंत. १९ इंची चाकं आणि ॲडॅप्टिव्ह यापेक्षा १८ इंची चाकं आणि साधं सस्पेन्शन हा संच आपल्याकडे कधीकधी जास्त शहाणपणाचा ठरतो.

३. झिजलेले बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट. हे दोन्ही प्रकारांत सारखेच वाजतात.

तुमचा रस्ता कुठला?

रोज शहरात आणि महिन्यातून दोनदा पुणे: ॲडॅप्टिव्हचा फायदा रोज मिळेल. गावात कम्फर्ट, महामार्गावर नॉर्मल.

आंबा घाट, गगनबावडा, आंबोलीची वारंवार सफर: इथे वळणं आहेत आणि पावसाळ्यात उखडलेला रस्ताही. एकाच किलोमीटरमध्ये कडक आणि मऊ दोन्ही लागतं. ॲडॅप्टिव्हचं खरं मोल इथे कळतं. फक्त स्पोर्ट मोडचा मोह टाळा. ओल्या, खडबडीत वळणावर कम्फर्ट किंवा नॉर्मलमध्येच टायर जास्त टेकलेला राहतो.

ट्रॅक डे आणि क्वचित रस्ता: चांगला साधा सेटअप पुरतो. दर वेळी सारखा वागतो, त्यामुळे सवय लवकर होते.

गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची आहे: साधं घ्या, किंवा ॲडॅप्टिव्हच्या खर्चाची तयारी आधीच ठेवा. शॉकअप झिजणारा भाग आहे. ॲडॅप्टिव्हचा एक नग साध्याच्या कितीतरी पट महाग पडू शकतो, आणि बदलताना एका एक्सलचे दोन्ही बदलणं योग्य.

बुकिंगआधी विचारायचे चार प्रश्न

• भारतातल्या याच व्हेरियंटमध्ये ॲडॅप्टिव्ह आहे का? मे २०२५ मध्ये भारतात आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयसारख्या गाडीला परदेशात हा पर्याय मिळतो, पण परदेशी व्हिडिओ बघून गृहीत धरू नका. स्पेसिफिकेशन शीट मागा.
• एका शॉकअपची किंमत किती आणि तो मागवायला किती दिवस लागतात? लेखी घ्या.
• वाढीव वॉरंटीत शॉकअप आणि सेन्सर येतात का?
• बिघाड निघाला तर काम कोल्हापुरातच होईल की पुण्याला जावं लागेल?

जुनी गाडी घेत असाल तर

एकाच खराब रस्त्यावर आधी कम्फर्ट आणि मग स्पोर्टमध्ये चालवा. फरक जाणवलाच नाही तर शंका घ्या. शॉकअपवर तेलाचा ओघळ आणि टायरवर जागोजाग झिजलेले खळगे बघा. स्कॅनर लावून एरर कोड तपासून घ्या. विकणाऱ्याने बिघडलेले ॲडॅप्टिव्ह काढून साधे शॉकअप बसवले असतील तर तेही यात समजतं.

स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली बसवायचा विचार असेल तर थांबा. ॲडॅप्टिव्हचा कॉम्प्युटर मूळ स्प्रिंगच्या हिशेबाने बांधलेला असतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि वॉरंटी व विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

शेवटी एक करा. टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. तुमच्या घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत, त्याच खड्ड्यांवरून आणि त्याच गतिरोधकांवरून, घरच्यांना मागच्या सीटवर बसवून घ्या. कारण सस्पेन्शन कसं आहे हे मागे बसलेल्या माणसाला आधी कळतं.