तक्त्यात नसलेला रकाना

गुडघा सुजला, कंबर धरली की आपण मेडिकलमधून जी गोळी आणतो, तिच्यात बऱ्याचदा डायक्लोफेनॅक असतं. हे औषध अपघाताने सापडलेलं नाही, ते विचार करून घडवलेलं आहे.

1960च्या दशकात स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीत आल्फ्रेड साल्मान आणि सहकाऱ्यांनी सूज उतरवणारी जुनी औषधं शेजारी मांडली आणि त्यांच्यात समान काय ते शोधलं. सौम्य आम्लता, तेलात आणि पाण्यात विरघळण्याचं ठरावीक प्रमाण आणि एकमेकांशी पीळ घेतलेली दोन कडी. डायक्लोफेनॅकमधले क्लोरीनचे दोन अणू हा पीळ टिकावा म्हणूनच आहेत.

1964 मध्ये कॅलिफोर्नियात कॉर्विन हान्श आणि तोशिओ फुजिता यांनी असा विचार समीकरणात बसवला. प्रत्येक रेणू म्हणजे तक्त्यातली एक ओळ, त्याचे गुणधर्म म्हणजे रकाने आणि शेवटचा रकाना परिणामाचा. संगणक त्यांच्यातलं नातं शोधतो आणि अजून न बनवलेल्या रेणूचा अंदाज सांगतो. याचं नाव क्यूएसएआर. आम्ही कोड लिहिणारे ज्याला मशीन लर्निंग म्हणतो, त्याची ही आजीच. सुजेच्या औषधांत शेवटच्या रकान्यात बहुधा उंदराच्या पायाची सूज किती उतरली ते असे.

आता आपल्याकडे या. गोंदियातलं प्रतापगड असो की गडचिरोलीतलं एखादं गाव, मेलेलं ढोर गावाबाहेर टाकायचं, पुढचं काम गिधाडांचं. 1990च्या दशकात लंगडणाऱ्या गाईबैलांनाही डायक्लोफेनॅक टोचलं जाऊ लागलं. ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे 2004 मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात सिद्ध केलं. भारतात 1992 मध्ये पांढऱ्या पाठीची हजार गिधाडं होती असं धरलं, तर 2007 मध्ये एक उरलं. गडचिरोलीत वनविभागाला गिधाडांसाठी ‘उपाहारगृहं’ उघडावी लागली.

2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदीचं पाऊल उचललं गेलं. वेगळ्या घडणीचं मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं. अॅसिक्लोफेनॅक म्हणजे शेपटी जोडलेलं डायक्लोफेनॅकच. गाईच्या शरीरात त्याचं पुन्हा डायक्लोफेनॅक होतं. रचना पाहिली तरी शंका यावी. पण जनावरांसाठी त्यावर बंदी आली 2023 मध्ये.

सूज उतरवण्याचा हिशेब बरोबरच होता. गिधाडाच्या मूत्रपिंडाचा रकाना मात्र कोणी आखलाच नव्हता. म्हणून कोणी मॉडेलची अचूकता सांगू लागलं, की मी आधी रकाने मोजतो.