परवान्याची बंदूक : भारतातील घरगुती शस्त्राचा इतिहास

भारतात घराच्या आणि शेताच्या राखणीसाठी सामान्य माणसाकडे असलेली बंदूक गेल्या शतकभरात मुख्यतः दोनच प्रकारची राहिली : ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, आणि बारा बोअरची. दोन्ही इतर शस्त्रांपेक्षा स्वस्त, दोन्हींची रचना साधी. परंतु केवळ या गुणांमुळे त्या टिकल्या नाहीत. सामान्य माणसाच्या हाती कोणते शस्त्र असावे हे १८५७ नंतर बाजारापेक्षा कायद्याने अधिक ठरवले, आणि कायद्याने ज्यांना वाट मोकळी ठेवली त्याच या दोन बंदुका होत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेड्यापाड्यांत शस्त्र असणे नित्याचे होते. दख्खनमध्ये रात्रीची राखण रामोशी, भिल्ल, जागले यांच्याकडे असे. पाटील-देशमुखांच्या गढ्यांमध्ये तलवारी-भाल्यांबरोबर तोड्याच्या बंदुकाही असत. तोडा म्हणजे धुमसत ठेवलेली सुताची दोरी. चाप ओढला की तिचे पेटते टोक रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, टेके आणि बार उडे. पावसात तोडा विझत असे आणि अंधारात त्याच्या निखाऱ्यामुळे राखणदाराची जागा उघडी पडत असे. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले. त्याच तत्त्वावर पुढे तांब्याची छोटी टोपी, म्हणजेच केप, तयार झाली. घोडा केपेवर आपटताच नळीतली दारू पेटू लागली. ओल्या हवेतही भरवशाने उडणारी ठासणीची बंदूक शक्य झाली ती यामुळे.

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने मोठ्या प्रमाणावर शस्त्रे गोळा केली. अवधमध्ये तालुकदारांच्या गढ्या पाडण्यात आल्या. १८६० मध्ये शस्त्रविषयक कायदा झाला आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. नव्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक बाळगणे, बनवणे, विकणे किंवा आयात करणे गुन्हा ठरले. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना मात्र नियमांद्वारे सूट होती. हा वांशिक भेद १९२० च्या नियमांत कागदोपत्री काढून टाकण्यात आला, पण परवाना देण्या-न देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याकडेच राहिला.

काही समाजांना सूट मिळाली. त्यातले सर्वांत ठळक उदाहरण कर्नाटकातील कोडगूचे. कोडवा समाज आणि जम्मा (वंशपरंपरागत) जमिनीचे धारक यांना ब्रिटिश काळापासून परवान्याविना बंदूक बाळगता येते. स्वतंत्र भारतानेही ही सवलत चालू ठेवली आणि २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. दरवर्षी सप्टेंबरमध्ये येणाऱ्या कैलपोळ्द सणाला तेथे घरातील बंदुकीची पूजा होते.

उरलेल्या देशात हा कायदा अपमानाचे चिन्ह मानला गेला. सुरुवातीच्या काळापासून काँग्रेसच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव होत राहिले. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत जमीन महसूल आणि मिठावरील कर यांच्या जोडीला स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही मागणीही होती. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या नेत्याला ती करावीशी वाटली, कारण संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र ठेवणे ही त्यांच्या दृष्टीने अविश्वासाची खूण होती. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला. राज्यघटनेत मात्र तो आला नाही.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवान्याची चौकट त्याने कायम ठेवली, तरी सामान्य नागरिकासाठी दोन महत्त्वाच्या तरतुदी केल्या. कलम १३ प्रमाणे संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर लांब नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर अपात्रतेचे कारण नसताना परवाना द्यावा असे ठरले. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा रायफल यांसाठी अर्जदाराला सबळ कारण दाखवावे लागते. दुसरी तरतूद कलम १४ मधली : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. संरक्षणाची गरज श्रीमंतांपुरती नाही, हे कायद्याने येथे मान्य केले.

गुळगुळीत बोअरच्या बंदुकांतली नेहमीची ती बारा बोअरची; तिचे नाव जुन्या मोजमापावरून पडले आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या की एका गोळीचा व्यास नळीच्या व्यासाइतका, सुमारे साडेअठरा मिलिमीटर होतो. एकनळी किंवा दुनळी बंदूक मधोमध उघडून काडतूस सरकवायचे, मिटायची आणि चाप ओढायचा, इतकेच तिचे काम. हलणारे भाग थोडे असल्याने बिघाड कमी आणि दुरुस्ती सोपी. तिची मोठी अडचण काडतुसाची होती. कागदी कवचाची जुनी काडतुसे पावसाळ्यात फुगून नळीत अडकत. ही अडचण प्लॅस्टिकच्या कवचाने दूर झाली.

या बंदुका पूर्वी इंग्लंडमधून, विशेषतः बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून येत. देशी परंपरा बिहारमधील मुंगेरची. नवाब मीर कासिमने १७६० च्या दशकात तेथे राजधानी हलवली तेव्हापासून शस्त्रनिर्मिती त्या गावाची ओळख बनली. पुढे परवानाधारक कारागिरांनी तेथे एकनळी-दुनळी बंदुका बनवल्या. सरकारी कारखान्यांपैकी इशापूरने बंदुका, कानपूरने रिव्हॉल्व्हर आणि पुण्याजवळच्या खडकीने काडतुसे पुरवली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे देशात आधीच असलेल्या जुन्या विलायती शस्त्रांच्या किमती त्यांच्या मूळ दर्जापेक्षाही दुर्मीळपणामुळे चढल्या आणि बेताच्या उत्पन्नाच्या माणसासाठी देशी बारा बोअर हाच पर्याय उरला.

कोकणात ठासणीच्या बंदुकीचा संसार आजही चालू आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतील अनेक शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणाचा परवाना असतो. रानडुकरे एका रात्रीत भाताचे शेत लोळवून जातात, माकडे नारळ आणि फळबागांची नासाडी करतात, गवे उभे पीक तुडवतात. दारू ओतून, वर छर्रे टाकून गजाने ठासायचे आणि केप बसवायची, या क्रियेला वेळ लागतो, म्हणून दुसरा बार लगेच काढता येत नाही. तरीही मोठ्या आवाजाने कळप पांगवण्यास ती पुरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय वन्य प्राणी मारता येत नाही. मात्र स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेल्यास तो गुन्हा ठरत नाही. शेतकऱ्याची आणखी एक अडचण अशी, की निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. महाराष्ट्र विधानसभेच्या २०१४, २०१९ आणि २०२४ च्या निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे भात पिकण्या-कापण्याच्या दिवसांत झाल्या. राखणीची सर्वाधिक गरज असते ती नेमकी याच दिवसांत.

शहरी मध्यमवर्गासाठी सरकारी कारखान्याचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर हे मान्य शस्त्र ठरले. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ बाजारात आणले. त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या जवळ होती. ज्या कष्टकरी स्त्रियांना रस्त्यावर सर्वाधिक धोका असतो त्यांच्या आवाक्याबाहेरचे हे संरक्षण आहे, ही त्यावरची टीका रास्त होती.

सरकारने स्वतःहून नागरिकांच्या हाती बंदूक दिल्याचे उदाहरण जम्मू विभागात आहे. दहशतवादी हल्ल्यांपासून दूरच्या वस्त्यांचे रक्षण करण्यासाठी १९९५ पासून तेथे ग्रामसंरक्षण समित्या स्थापन झाल्या आणि गावकऱ्यांना .३०३ रायफली देण्यात आल्या. जुन्या पण दणकट अशा या रायफलींनी अनेक वस्त्यांना धीर दिला. त्याचबरोबर काही सदस्यांकडून शस्त्रांचा गैरवापर झाल्याच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या.

शस्त्राचा वापर केव्हा समर्थनीय, हे फौजदारी कायदा सांगतो. स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या भारतीय दंड संहितेत होता आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत तो कायम आहे. रात्रीची घरफोडी किंवा जबरी चोरी अशा प्रसंगी तो हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत जाऊ शकतो, पण गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा देत नाही. शस्त्र नियम, २०१६ ने सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवण यांच्या अटी घातल्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि लग्न-मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. १८७८ चा कायदा राज्यकर्त्यांचे भय दूर ठेवण्यासाठी होता, तर आजच्या कायद्याचा भर शस्त्रधारकाच्या जबाबदारीवर आहे. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले : भारतात घरातली बंदूक हा हक्क नसून अटींवर दिलेली परवानगी आहे.